ओटा कुणाच्या मापाचा? स्वयंपाकघराचे शास्त्र मांडणाऱ्या लिलियन गिलब्रेथ

नव्या घराचा ताबा मिळाला, की सुताराचे पाय सर्वप्रथम स्वयंपाकघराकडे वळतात. ओट्याखाली किती ट्रॉल्या बसवायच्या, वर किती कपाटे घ्यायची, गॅस कोणत्या बाजूला आणि सिंक कोणत्या बाजूला, याची चर्चा होते. लॅमिनेटचा रंग निवडण्यात दोन-तीन संध्याकाळी सहज जातात. ओट्याच्या उंचीबद्दल मात्र सहसा कोणी विचारत नाही. ती बिल्डरने आधीच ठरवून टाकलेली असते किंवा सुताराच्या सवयीची असते. पुढची वीस-पंचवीस वर्षे त्या ओट्यापुढे जी व्यक्ती रोज उभी राहणार, तिच्या कोपराची उंची मोजावी हे कोणाच्या मनातही येत नाही. ही उंची मोजलीच पाहिजे, असा आग्रह जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी एका विदुषीने धरला होता. अमेरिकेतील त्या मानसशास्त्रज्ञ आणि अभियंता म्हणजे डॉ. लिलियन मोलर गिलब्रेथ. बारा अपत्यांची आई म्हणून त्या जगाला अधिक ठाऊक आहेत. आजच्या स्वयंपाकघरावर असलेले त्यांचे ऋण मात्र फारसे कोणाच्या ध्यानात नाही.

लिलियन यांचा जन्म २४ मे १८७८ रोजी कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे एका सधन कुटुंबात झाला. नऊ भावंडांत त्या सर्वांत मोठ्या. स्वभाव अतिशय बुजरा, त्यामुळे सुरुवातीची काही वर्षे त्यांचे शिक्षण घरीच झाले. मुलीने विद्यापीठात जावे हे वडिलांना फारसे पसंत नव्हते. परंतु लिलियन यांनी हट्ट सोडला नाही. बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून त्यांनी १९०० साली पदवी घेतली आणि पदवीदान समारंभात भाषण करण्याचा मान मिळवला. त्या विद्यापीठात असा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला होत्या. त्यानंतर १९०२ साली इंग्रजी साहित्यात त्यांनी पदव्युत्तर पदवी संपादन केली. वाङ्मयाची ही अभ्यासक पुढे विटा, यंत्रे आणि ओटे यांच्या मोजमापात रमेल, असे त्या वेळी कोणाला वाटले नसेल.

त्यांच्या आयुष्याला वळण मिळाले ते फ्रँक गिलब्रेथ यांच्याशी १९०४ साली झालेल्या विवाहामुळे. फ्रँक यांचे औपचारिक शिक्षण बेताचे. वयाच्या सतराव्या वर्षी, १८८५ साली, ते गवंड्याच्या हाताखाली काम शिकू लागले. एक गोष्ट त्यांना सतत खटकत असे. प्रत्येक गवंडी वीट उचलण्यासाठी पायापर्यंत वाकतो आणि आपल्या शरीराचा सगळा भार दिवसभरात शेकडो वेळा खालीवर करतो. वीट हलकी, वाकणे मात्र जड! फ्रँक यांनी उंची कमीजास्त करता येईल अशी परांची तयार केली आणि विटा व चुना कमरेच्या उंचीवर आणून ठेवले. एक वीट रचण्यासाठी लागणाऱ्या अठरा हालचाली जेमतेम पाचांवर आल्या. गवंडी कमी थकू लागले आणि भिंत लवकर उभी राहू लागली. पुढे लिलियन यांनी स्वयंपाकघरात जे केले, त्याचे बीज या परांचीत होते.

विवाहानंतर पती-पत्नींनी मिळून हालचालींच्या अभ्यासाचे शास्त्र उभे केले. कामगाराचे चलच्चित्र घ्यायचे, चित्रातच दिसेल असे सूक्ष्म घड्याळ शेजारी ठेवायचे आणि नंतर प्रत्येक हालचाल तपासायची, अशी त्यांची पद्धत होती. हाताच्या मूलभूत क्रियांची त्यांनी यादी केली आणि आपल्या आडनावाची अक्षरे उलटीसुलटी करून त्यांना 'थर्ब्लिग' असे गमतीदार नाव दिले. त्याच सुमारास फ्रेडरिक टेलर यांची वैज्ञानिक व्यवस्थापनाची पद्धत गाजत होती. टेलर यांचा भर वेळेवर होता. गिलब्रेथ दांपत्याने त्यात थकव्याचा आणि कामगाराच्या मनाचा विचार आणला, आणि त्यातला मनाचा भाग प्रामुख्याने लिलियन यांचा होता.

या योगदानाची पावती मात्र त्यांना सहजासहजी मिळाली नाही. व्यवस्थापनाच्या मानसशास्त्रावरील त्यांचा ग्रंथ १९१४ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा लेखिकेचे नाव केवळ आद्याक्षरांनी छापण्यात आले. लेखक स्त्री आहे हे कळले, तर कारखानदार पुस्तक हाती घेणार नाहीत, अशी प्रकाशकांना धास्ती होती. बर्कले विद्यापीठाने निवासाच्या नियमावर बोट ठेवून त्यांना डॉक्टरेट नाकारली. त्यांनी ब्राऊन विद्यापीठात नवा प्रबंध सादर केला आणि १९१५ साली ती पदवी मिळवली. हे सर्व चालू असताना घरात पाळणा हलतच होता. बारा अपत्यांपैकी मेरी ही मुलगी १९१२ साली घटसर्पाने दगावली. हे कुटुंब १९१९ साली न्यूजर्सीतील माँटक्लेअर येथे स्थायिक झाले.

१४ जून १९२४ रोजी या कुटुंबावर आघात झाला. माँटक्लेअरच्या रेल्वे स्थानकावरून घरी दूरध्वनी करीत असतानाच फ्रँक हृदयविकाराने कोसळले आणि त्यांचे निधन झाले. लिलियन तेव्हा ४६ वर्षांच्या होत्या. थोरली मुलगी अठरा वर्षांची, तर धाकटी अवघी दोन वर्षांची. फ्रँक यांना लंडन आणि प्राग येथील आंतरराष्ट्रीय परिषदांचे निमंत्रण होते. पतीच्या मृत्यूनंतर पाचच दिवसांनी लिलियन जहाजात बसल्या आणि त्यांच्या जागी परिषदांना उपस्थित राहिल्या. दुःख आवरायला सवड नव्हती. अकरा मुलांची शिक्षणे व्हायची होती आणि घर चालवायचे होते.

परतल्यावर दुसरा आघात त्यांची वाट पाहत होता. ज्या कारखान्यांना गिलब्रेथ दांपत्य सल्ला देत असे, त्यांतील अनेकांनी करार पुढे चालू ठेवले नाहीत. डॉक्टरेट होती, वीस वर्षांचा अनुभव होता, ग्रंथ नावावर होते. पण कारखान्यात येऊन पुरुष कामगारांचे आणि अभियंत्यांचे काम तपासणारी व्यक्ती एक विधवा स्त्री असावी, हे मालकांना रुचत नव्हते. लिलियन यांनी घरातच हालचालींच्या अभ्यासाचे वर्ग सुरू केले आणि कंपन्यांचे प्रतिनिधी तेथे शिकायला येऊ लागले. परंतु तेवढ्यावर भागणारे नव्हते. कारखान्याचे दार बंद होत असेल, तर ज्या जागेबद्दल स्त्रीचा अधिकार कोणीही नाकारणार नाही अशा जागेकडे वळावे, असा विचार त्यांनी केला. ती जागा होती स्वयंपाकघर. गवंड्याच्या परांचीसाठी वापरलेले शास्त्र शेगडीपुढे उभ्या असलेल्या गृहिणीसाठी वापरायचे, असे त्यांनी ठरवले.

यातला विरोधाभास असा, की लिलियन स्वतः स्वयंपाकात मुळीच निपुण नव्हत्या. लहानपणी घरात नोकरचाकर होते. विवाहानंतर बरीच वर्षे सासूबाईंनी घराची व्यवस्था पाहिली आणि माँटक्लेअरच्या घरात स्वयंपाक नोकराच्या हाती असे. त्यांचे स्वतःचे स्वयंपाकघर जुन्या घाटाचे आणि गैरसोयीचेच होते, हे पुढे त्यांच्या मुलांनीच लिहून ठेवले आहे. पण कदाचित यामुळेच त्यांनी आपल्या सवयीवर भिस्त ठेवली नाही. त्या इतर स्त्रियांना विचारत गेल्या, त्यांना काम करताना पाहत गेल्या आणि मोजत गेल्या.

त्या काळातील अमेरिकी स्वयंपाकघर आजच्यासारखे सलग नव्हते. एका भिंतीला शेगडी, दुसरीकडे पायांवर उभे असलेले सिंक, मध्यभागी टेबल, कोपऱ्यात भांड्यांचे फडताळ आणि धान्याची कोठी बहुधा शेजारच्या खोलीत. विसाव्या शतकाच्या आरंभी इंडियाना राज्यातून 'हूझियर' या नावाने ओळखले जाणारे सुटे कपाट लोकप्रिय झाले. त्यात पिठाचा डबा, चाळणी, मसाल्यांच्या बरण्या आणि बाहेर ओढता येणारा कामाचा फळा, असे सारे एकत्र असे. त्याआधी १८६९ साली कॅथरिन बीचर यांनी, आणि १९१२ नंतरच्या काळात क्रिस्टिन फ्रेडरिक यांनी स्वयंपाकघराच्या आखणीवर लेखन केले होते. जर्मनीत मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की यांचे प्रसिद्ध 'फ्रँकफर्ट किचन' १९२६ साली आकाराला आले. म्हणजेच लिलियन या क्षेत्रातील पहिल्या नव्हत्या. कारखान्यातील मोजमापाचा दीर्घ अनुभव आणि थकव्याचे मानसशास्त्र यांची जोड मात्र त्यांच्यापाशी होती.

गृहिणीच्या कामावरील त्यांचे पुस्तक १९२७ साली प्रसिद्ध झाले. आपल्याच घराचा अभ्यास कसा करावा, हे त्यांनी सोप्या रीतीने समजावून दिले. स्वयंपाकघराचा नकाशा कागदावर काढावा, शेगडी, सिंक आणि कपाट यांच्या जागी टाचण्या टोचाव्यात आणि एखादा पदार्थ करताना जिथे जिथे जावे लागते, तिथे तिथे दोरा फिरवत न्यावा. काम संपल्यावर तो दोरा मोजला, की वणवण किती झाली हे डोळ्यांपुढे येते. लाकूडकाम करण्यापूर्वी हा एक खेळ केला, तर पुढची अनेक वर्षांची पायपीट वाचते. त्याला खर्च काहीच नाही.

त्यांच्या विचारांना प्रत्यक्ष रूप देण्याची संधी ब्रुकलिनमधील एका गॅस कंपनीने दिली. योगायोग असा, की ब्रुकलिन बरो गॅस कंपनीच्या अध्यक्षपदी तेव्हा मेरी डिलन ही महिला होती आणि त्याच कंपनीत साध्या कारकुनीपासून सुरुवात करून ती त्या पदापर्यंत पोहोचली होती. या दोघींच्या सहकार्यातून १९२९ साली 'किचन प्रॅक्टिकल' हे नमुना स्वयंपाकघर न्यूयॉर्कमधील महिलांच्या प्रदर्शनात मांडण्यात आले. त्यात शेगडी आणि कामाचा ओटा शेजारी-शेजारी होते. ओट्याच्या वर जिन्नस ठेवण्याची कपाटे, खाली भांड्यांचे कप्पे आणि एका पावलावर शीतकपाट. पाठीमागे चाकांचे एक छोटे टेबल असे. हवे तेव्हा जवळ ओढायचे आणि नको तेव्हा ढकलून द्यायचे. आज कोणत्याही शहरी घरात नवल वाटू नये अशी ही मांडणी. त्या वेळी मात्र ती पाहायला लोक येत होते.

या मांडणीमागे काही साधी तत्त्वे होती. जी वस्तू जिथे प्रथम लागते, तिथेच ती ठेवावी. एकत्र लागणाऱ्या वस्तू एकत्र असाव्यात. रोजच्या वस्तू कंबर आणि खांदा यांच्या मधल्या पट्ट्यात हाताशी याव्यात. वाकून किंवा टाचा उंचावून घ्यायच्या जागा क्वचित लागणाऱ्या वस्तूंसाठी सोडाव्यात. न्यूयॉर्कच्या 'हेरल्ड ट्रिब्यून' या दैनिकाच्या गृहविज्ञान संस्थेत या तत्त्वांची परीक्षा घेण्यात आली. तेच सामान, तीच भांडी. फक्त मांडणी दोन प्रकारची. स्ट्रॉबेरी शॉर्टकेक करण्यासाठी जुन्या मांडणीत २८१ पावले चालावे लागले, तर नव्या मांडणीत केवळ ४५. भिंत पाडली नाही, महागडे यंत्र आणले नाही. कपाटांच्या जागा तेवढ्या बदलल्या.

उंचीचा प्रश्न त्यांना याहूनही महत्त्वाचा वाटत होता. जनरल इलेक्ट्रिक कंपनीसाठी काम करताना त्यांनी चार हजारांहून अधिक स्त्रियांकडून माहिती गोळा केली आणि सिंक, शेगडी व ओटा यांच्या योग्य उंचीचा अभ्यास केला. बुटक्या आणि उंच स्त्रीसाठी एकच माप सोयीचे होऊ शकत नाही, हे त्यातून स्पष्ट होत होते. म्हणूनच नमुना स्वयंपाकघरातही ओट्याची उंची वापरणाऱ्या व्यक्तीनुसार बदलता यावी, असा त्यांचा आग्रह होता. फ्रँक यांची परांची जशी भिंतीबरोबर आणि गवंड्याबरोबर वर-खाली होत असे, तसाच हा ओटा. पायाने दाबून उघडणारी कचऱ्याची पेटी आणि शीतकपाटाच्या दारातील कप्पे यांचे श्रेयही लिलियन यांना दिले जाते. दोन्हींमागचा विचार एकच, हात भरलेले असताना वाकायला लागू नये.

पुढे मात्र उद्योगाने त्यांचे अर्धेच ऐकले. सलग ओटा, वर-खाली कपाटे, हाताशी सामान हे सारे स्वीकारले गेले, कारण ते कारखान्यात ठरावीक खोक्यांच्या स्वरूपात तयार करून विकता येत होते. प्रत्येक घराची वेगळी उंची या हिशेबात बसत नव्हती. शेगड्या, सिंक आणि कपाटे एका रेषेत यावीत म्हणून दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात अमेरिकेत जमिनीपासून ३६ इंच हे माप रूढ होऊन बसले. ज्या विदुषीने माणसाला माप लावून ओटा करायला सांगितले, तिच्याच स्वयंपाकघराच्या नावाने माणसाने ओट्याच्या मापात बसावे असा प्रघात पडला. सिंक, शेगडी आणि शीतकपाट यांना जोडणारा कामाचा त्रिकोणही अनेकदा त्यांच्या नावे सांगितला जातो. त्याची शास्त्रीय मांडणी १९४०च्या दशकात इलिनॉय विद्यापीठात झाली. त्यामागची दिशा अर्थातच लिलियन आणि त्यांच्या समकालीन स्त्रियांनी दाखवली होती.

ज्यांना ठरीव माप सर्वांत अधिक जाचते, त्यांच्यासाठी लिलियन यांनी आपले म्हणणे सोडले नाही. १९४०च्या दशकात अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या सहकार्याने त्यांनी हृदयरोगी गृहिणींसाठी स्वयंपाकघराची आखणी केली. बसून काम करता येईल असा ओटा, गुडघ्यांना मोकळी जागा, उचलण्याऐवजी सरकवता येतील अशी भांडी, वर हात न करता मिळणारे सामान, अशी तिची रचना होती. अपंगत्व आलेल्या व्यक्तींना आपले घर आपणच चालवता यावे यासाठी त्या पुढेही झटत राहिल्या. ज्या आजाराने पतीला अकाली नेले, त्याच आजाराने ग्रस्त असलेल्यांसाठी त्या आता काम करीत होत्या.

कारखान्याचे बंद झालेले दारही हळूहळू उघडले. स्वयंपाकघरावरील कामामुळे त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले होते. राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांनी १९३० साली बेरोजगारी निवारणाच्या समितीत त्यांना घेतले. इंडियानातील पर्ड्यू विद्यापीठात त्या १९३५ साली व्यवस्थापनाच्या प्राध्यापक झाल्या. तेथील अभियांत्रिकी शाखेतील त्या पहिल्या महिला प्राध्यापक. १९४८ साली निवृत्त झाल्यावरही त्यांचा प्रवास आणि व्याख्याने थांबली नाहीत. त्याच वर्षी त्यांच्या दोन मुलांनी लिहिलेले 'चीपर बाय द डझन' हे कुटुंबाच्या आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि १९५०मध्ये त्यावर चित्रपटही आला. १९६५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमीवर निवड झालेल्या त्या पहिल्या महिला ठरल्या, तर १९६६ साली अभियंत्यांना दिले जाणारे प्रतिष्ठेचे हूव्हर पदक त्यांना मिळाले. अकराही मुले महाविद्यालयात शिकली. २ जानेवारी १९७२ रोजी ॲरिझोनातील फिनिक्स येथे, वयाच्या ९३व्या वर्षी लिलियन यांचे निधन झाले. अमेरिकी टपाल खात्याने १९८४ साली त्यांच्या सन्मानार्थ तिकीट काढले.

त्यांच्या कार्यावर आक्षेपही घेतले गेले. पावले कमी केली, पण स्वयंपाकघरात एकटी उभी राहणारी स्त्री तिथेच राहिली. शास्त्राचा लाभ गृहिणीपेक्षा उपकरणे विकणाऱ्या कंपन्यांनाच अधिक झाला, असे काही अभ्यासकांचे मत आहे. त्यात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. परंतु घरकाम हे सर्व कुटुंबाचे काम आहे, पती आणि मुलांनी त्यात वाटा उचलावा, असे लिलियन सातत्याने मांडत होत्या. वाचलेला वेळ आणखी कामात घालण्यासाठी नाही, तर आनंदासाठी वापरायचा, ही त्या पती-पत्नीची भूमिका होती.

आज शहरांतील घराघरांत सुताराकडून किंवा तयार मॉड्युलर पद्धतीने स्वयंपाकघरे बसवली जातात. त्यांतील खालचे खण, वरची कपाटे आणि हाताशी असलेला मसाल्याचा कप्पा यांत लिलियन गिलब्रेथ यांची दृष्टी कळत-नकळत उतरली आहे. राहून गेली आहे ती फक्त उंची. ओटा कोपराच्या तीन-चार इंच खाली असावा, कणीक मळण्याची आणि पोळ्या लाटण्याची जागा त्याहून किंचित खाली असली तर खांद्यांवर ताण येत नाही, आणि सिंकचा तळ खोल असल्याने त्याची कड थोडी उंच असलेली बरी, हे आजचे शरीरश्रमशास्त्रही सांगते. त्यासाठी लागते ती एक मोजपट्टी. काम सुरू होण्यापूर्वी घरात स्वयंपाक कोण करते, हे विचारून त्या व्यक्तीला ओट्यापुढे उभे करावे, तिच्या कोपराची उंची घ्यावी आणि मगच कडप्पा किंवा ग्रॅनाइट बसवावे. अकरा मुलांच्या या विधवा आईने उभ्या केलेल्या शास्त्राचा उरलेला अर्धा भाग त्या पाच मिनिटांत अमलात येऊ शकतो.